एकच सीट

दादा पट्टा काढायला तयार नव्हता.

पुढे प्लास्टिकचे ट्रे सरकत होते, मागे माणसं खोळंबली होती. गणवेशातला माणूस बोटानं त्याच्या कमरेकडं दाखवत होता आणि दादा त्याला इंग्रजीत समजावत होता की, ही तपासणी मुंबईला झालेली आहे, आम्ही विमानतळाच्या बाहेर पाऊलसुद्धा टाकलेलं नाही, एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायचंय फक्त. बोलणं अगदी मुद्देसूद होतं. आयुष्यभर हेडमास्तरकी केलेला माणूस. समोरच्याला ते कळत होतं की नाही देव जाणे. त्याचं बोट काही खाली आलं नाही.

"दादा, काढ आणि चल," मी म्हणाले. "दार बंद करतील ते."

त्यानं पट्टा काढला, ट्रेमध्ये टाकला आणि एका हातानं पँट धरून कमानीतून गेला. कमान वाजली. खिशात नगरच्या घराच्या किल्ल्या राहिल्या होत्या. परत मागं, परत ट्रे, परत कमान. तोवर माझ्या पर्समधून त्यांनी लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली. मुंबईत कुणाच्या तरी नजरेतून ती सुटली होती. आक्काला आता अन्न जात नव्हतं, पण वास तरी घेईल म्हणून मी नेत होते. एका बाईनं ती उजेडात धरून पाहिली आणि पिंपात टाकली. भांडायला वेळ नव्हता.

आम्ही आक्काला भेटायला निघालो होतो. आक्का म्हणजे आमची थोरली बहीण, एस्तेर. तिच्यानंतर दादा, डॅनियल. आणि शेंडेफळ मी, प्रमिला. आक्का नगरच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि तरुणपणीच इंग्लंडला गेली. लीड्सच्या एका हॉस्पिटलात तिनं सारी नोकरी केली, तिथंच लग्न केलं आणि आता तिथंच, स्वतःच्या घरात, खाटेवर पडून होती. आजार पोटातला होता. डॉक्टरांनी औषधं थांबवली होती, फक्त दुखणं कमी करायचं इंजेक्शन चालू होतं. तिचे यजमान कुरियन दाजी मला फोनवर म्हणाले होते, येणार असशील तर आता ये.

आणि मुंबईचं विमानच उशिरा सुटलं. आम्हाला आत बसवून, पट्टे बांधायला लावून, कसला तरी बिघाड शोधत बसले. आखातात उतरलो तेव्हा पुढच्या विमानाची वेळ अगदी तोंडावर आली होती. उतरलो ते थेट इमारतीत नव्हे, बसमध्ये. बस भरेपर्यंत उभी. मग ही तपासणी. मग एक लांबच लांब मजला, अत्तरांची आणि घड्याळांची दुकानं, सोन्याची दुकानं, जमिनीवर पाय पसरून झोपलेली माणसं, आणि मधूनच एक सरकता पट्टा, ज्यावर लोक सहलीला आल्यासारखे उभे होते. बोर्डिंग पासवर जो गेट होता तो बोर्डावर बदललेला निघाला. नवा गेट दुसऱ्या इमारतीत. तिथं जायला एक छोटी रेल्वे. ती आमच्या डोळ्यांदेखत सुटली.

दादा तेव्हा साठीच्या पुढं होता आणि त्याचा गुडघा धरायचा. तरी तो माझ्यापुढं पळत होता. त्याला असं पळताना मी लहानपणानंतर कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही गेटवर पोचलो तेव्हा काचेपलीकडं विमान उभं होतं. पुलासारखा तो बोगदा अजून त्याला चिकटलेला होता. पण अलीकडचं दार लावून घेतलं होतं आणि टेबलाशी एक मुलगी एकटीच कागद आवरत होती. दादानं दोन्ही बोर्डिंग पास तिच्यापुढं ठेवले. तिनं मान हलवली. बोर्डिंग संपलं, सर.

दादानं तिला सांगितलं, विमान तर समोर उभं आहे. ती म्हणाली, दार लागलं की आम्हाला उघडता येत नाही. दादा म्हणाला, उशीर आम्ही केलेला नाही, तुमच्याच कंपनीच्या विमानानं केलाय. ती म्हणाली, मला वाईट वाटतं. मग दादाचा आवाज चढला. तिकडं माझी बहीण मरायला टेकली आहे, तिचे काही तास उरलेत, एका मरणाऱ्या माणसासाठी तुम्हाला पंधरा मिनिटं थांबता येत नाही का? हे तो इतक्या मोठ्यानं बोलला की शेजारच्या गेटवरचे लोक वळून बघायला लागले. त्या मुलीचे डोळे भरून आले, पण तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तेवढ्यात बोगदा विमानापासून सुटला.

दादा माझ्याकडं वळला. घामानं त्याचा चेहरा ओला झाला होता.

"माणुसकी नावाची गोष्टच नाही यांच्यात," तो म्हणाला. "पंधरा मिनिटं, पमे. फक्त पंधरा मिनिटं मागत होतो मी."

मी गप्प बसायला हवं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

"आक्कानं एक दिवस मागितला होता," मी म्हणाले.

मला काय म्हणायचंय ते त्याला लगेच कळलं.

आई गेली त्याला कितीतरी वर्षं झाली. मे महिना होता, पहाटेची वेळ. मी आक्काला फोन केला. ती म्हणाली, मी निघते, उद्या संध्याकाळपर्यंत पोचते, आईला तोवर ठेवा. दवाखान्याच्या शवागारात सोय होती. तिथली माणसं आमच्या ओळखीची होती, नुसतं सांगायचा अवकाश होता. दादानं सांगितलं नाही. ऊन फार आहे, लोक जमलेत, चर्चच्या पाळकसाहेबांना दुसऱ्या दिवशी परगावी जायचंय, अशी एकेक कारणं त्यानं मंडळींपुढं ठेवली. खरं कारण घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आक्कानं त्याला न विचारता लग्न केलं होतं, तेही केरळातल्या, दुसऱ्या पंथाच्या माणसाशी. चर्चच्या पंच कमिटीत बसणाऱ्या डॅनियल सरांची त्यामुळं मान खाली गेली होती. ती आली असती तर कुरियनला घेऊन आली असती, आणि सगळ्या मंडळीसमोर तो आईच्या कबरीशी उभा राहिला असता. त्याच संध्याकाळी आईला माती दिली.

आक्काचा फोन रात्री आला. विमान बदलायला ती वाटेत उतरली होती. फोन दादानं घेतला. मी शेजारी उभी होते. तो म्हणाला, "झालं सगळं. आता येऊन काय करणार?" आणि ठेवून दिला. आक्का तिथूनच परत फिरली. पुन्हा कधी तिनं नगरचं तोंड पाहिलं नाही. मला तिनं पुढं एकदाच ते सांगितलं, की एवढ्या माणसांत मी एका खांबाला टेकून जमिनीवर बसले होते, कुणी विचारलंसुद्धा नाही. तो विमानतळ हाच.

"ही ती जागा नाही, पमे," दादा म्हणाला. म्हणजे हे बोलायची ही जागा नाही, असं त्याला म्हणायचं होतं. मी म्हणाले, हीच ती जागा आहे. त्यालाही ते ठाऊक असावं. त्यानं पट्टा नीट केला, बॅग उचलली आणि चालायला लागला.

ज्यांची विमानं चुकलीत त्यांच्यासाठी वेगळं काउंटर होतं. तिथली रांग नागमोडी वळत पार दुकानांपर्यंत गेली होती. मुंबईच्या विमानातले बरेच चेहरे तिथं दिसले. एका काउंटरवरून दुसऱ्यावर पाठवत होते. दुसऱ्यावर सांगत होते, आधी टोकन घ्या. टोकनाचं यंत्र बंद होतं. कुणी रडत होतं, कुणी बिस्किटं वाटत होतं, एक म्हातारे सरदारजी खाली बसून पाय चोळत होते. सकाळची उन्हं काचेतून आत येऊन रांगेवर पडली आणि हळूहळू पुढं सरकली, आमच्यापेक्षा लवकर.

दाजींना कळवणं भाग होतं. आमचे फोन तिथं चालत नव्हते. विमानतळाचं वाय-फाय फुकट होतं, पण त्यासाठी लागणारा आकडा फोनवरच येणार होता, आणि फोन बंद. मी दादाला म्हटलं, तू रांगेत थांब, मी कुठून फोन करता येतो का बघते. पासपोर्ट, तिकिटं सगळं त्याच्याच गळ्यातल्या पिशवीत होतं. घरातून निघतानाच त्यानं ते ताब्यात घेतलं होतं.

सरदारजींच्या मुलीनं मला तिचा फोन दिला. फोन दाजींनी लगेच उचलला. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. मग हिंदीत म्हणाले, पहाटेपासून शुद्धीवर आहे, तुझंच विचारतेय, थांब. फोन त्यांनी तिच्या कानाशी धरला असावा. आधी नुसता श्वास ऐकू आला, खरखरीत, ओढून घेतलेला.

"पमे," ती म्हणाली, "पोचलीस का गं?"

मी म्हणाले, वाटेत आहे आक्का, विमान बदलतेय.

"ये," ती म्हणाली. "मी आहे." आणि थोडं थांबून, "तू एकटीच ये."

हे तिनं पूर्वीही सांगितलं होतं. आजार कळला तेव्हाच म्हणाली होती, दानूला सांगू नकोस. दादाला ती दानू म्हणायची. मी सांगितलं नव्हतं. पण नगर छोटं आहे आणि चर्च त्याहून छोटं. त्याला कळलं, आणि त्यानं माझ्याबरोबर आपलाही व्हिसा काढून घेतला. आक्कानं तुला बोलावलेलं नाही, हे त्याच्या तोंडावर म्हणणं मला तोवर जमलं नव्हतं. म्हातारपणी माणूस बहिणीला भेटायला निघालाय, जाऊ दे, आक्काही त्याला बघून विरघळेल, असं मी मनाशी म्हणत होते.

परत आले तर दादा रांगेत नव्हता. काउंटरच्या बाजूला उभा राहून तो गळ्यातली पिशवी उघडून काहीतरी आत ठेवत होता. मला पाहून त्यानं चेहरा हेडमास्तरसारखा केला.

"दुपारच्या विमानात एक सीट मिळाली," तो म्हणाला. "तुझं उद्याचं झालंय. पक्कं करून घेतलंय मी."

मला आधी नीट कळलंच नाही. मग मी विचारलं, "एक कुणाला मिळाली?"

"एकच सीट होती, पमे. मागं एवढी रांग. विचारायला तू इथं नव्हतीस."

"मी आत्ता बोललेय तिच्याशी. ती वाट बघतेय माझी. सीट मला दे."

तो म्हणाला की उतरल्यावर पुढं लीड्सपर्यंत जायचंय, परका देश, बाईमाणसानं एकटीनं जाण्यापेक्षा मी जातो, तू उद्या ये, तुला न्यायला मीच येईन. मी म्हणाले, आणि इथं एकटीनं एक दिवस बसलेलं चालतं का?

मी सरळ काउंटरवर गेले. माझं इंग्रजी दादाइतकं चांगलं नव्हतं, शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला लागेल तेवढंच. पण त्या मुलीला कळलं. ती म्हणाली, यांनी सीट सोडली तर मी आत्ता तुमच्या नावानं करून देते, यांना उद्याच्या विमानात घालते, दोन मिनिटांचं काम आहे. आणि तिनं दादाकडं पाहून विचारलं, "सर?"

दादानं पिशवीची चेन ओढली.

"दादा," मी म्हणाले, "तिनं तुला बोलावलेलं नाही. मी तुला सांगितलं नव्हतं. आत्ताही तिनं मला एकटीला ये म्हटलंय."

मला वाटलं होतं की हे ऐकून तो कोसळेल. तसं काही झालं नाही.

"मला माहीत आहे ते," तो म्हणाला. "म्हणूनच मला आधी पोचायला हवं. तू दर रविवारी बोलतेस तिच्याशी. तुझं काही राहिलेलं नाही. माझं राहिलंय. तिच्याकडं तुला काही मागायचं नाही, पमे. मला मागायचंय."

आवाज खाली होता, जवळजवळ विनवणीचा. त्या क्षणी मला त्याची दयाही आली, हे खोटं सांगत नाही. पण तो विनवत होता म्हणजे विचारत नव्हता. सीट त्याच्या गळ्यात होती.

काउंटरवरच्या मुलीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

जाताना दादानं आपली शाल मला दिली, माझा पासपोर्ट आणि बिस्किटाचा पुडा दिला. प्रार्थना करत राहा म्हणाला. मग सरकत्या पट्ट्यावर चढला आणि गुडघ्यावर भार न देता, उभ्या उभ्या लांब गेला.

पुढचा वेळ मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. हॉटेल देतो म्हणाले, तर बाहेर जायला आमच्या पासपोर्टवर चालत नव्हतं. जेवणाचं कुपन दिलं, ते ज्या दुकानात चालायचं त्या दुकानात कुणाला त्याची कल्पनाच नव्हती. मी खुर्चीवर बसले, त्या खुर्च्यांना मुद्दाम मध्ये हात लावलेले असतात, माणसानं आडवं होऊ नये म्हणून. समोरचा बोर्ड सारखा फडफडल्यासारखा बदलत होता. जगातल्या सगळ्या गावांना विमानं जात होती. कुणाचा फोन मागून पुन्हा दोनदा लावून पाहिला. दाजींनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी विमानात बसेपर्यंत मला काहीही कळलं नाही, आणि न कळणं चांगलं आहे असं मी स्वतःला समजावलं.

मँचेस्टरच्या विमानतळावर मला घ्यायला दादा आला नव्हता. दाजींच्या चर्चमधला एक मुलगा आला होता. त्यानं माझ्या हातातली बॅग घेतली आणि मला नमस्कार केला. इंग्लंडात वाढलेल्या त्या मुलानं वाकून नमस्कार केला, तेव्हाच मला समजलं. आक्का त्या दिवशी उजाडताना गेली होती.

घरात माणसं जमली होती. आक्काच्या हॉस्पिटलातल्या बाया, केरळचे लोक. बैठकीच्या खोलीत, मधल्या खुर्चीवर दादा होता. मला पाहताच तो उठला, त्यानं मला जवळ घेतलं आणि तो मोठ्यानं रडला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण मला उद्देशून म्हणाला, "तिनं माझा हात धरला, पमे. म्हणाली, दानू, माझ्या मनात काही नाही. मोकळी झाली आणि गेली." एका बाईनं त्याला पाणी आणून दिलं. लोकांचे डोळे ओले झाले. माझेही झाले. मी त्याला म्हणाले, बरं झालं तू पोचलास. हे मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. सीट कुणाला मिळाली हे त्या वेळी माझ्या दृष्टीनं संपलं होतं. तिची आणि त्याची गाठ पडली, तिच्या तोंडून तो शब्द निघाला, तर माझ्या एका दिवसाची काय एवढी किंमत.

दफन झाल्यावर दादा लगेच निघाला. त्याच्या शाळेचा कसलासा वर्धापनदिन होता. मी काही दिवस मागं राहिले, आक्काचे कपडे आवरायला. दाजी फार बोलत नसत. एका दुपारी ते स्वयंपाकघरात कप विसळत होते आणि मी पुसत होते. मी सहज म्हटलं, शेवटी दोघांचं बोलणं झालं हे बरं झालं. दाजींनी नळ बंद केला.

त्यांनी मला सांगितलं ते त्यांच्या मोडक्या हिंदीत, पण एकेक शब्द अजून माझ्या कानात आहे. दादा पोचला तेव्हा आक्का जागी होती. दार वाजलं तशी तिनं मान उचलली. दादा खाटेजवळ जाऊन गुडघ्यावर बसला. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, पमा कुठंय? दादानं सांगितलं, एकच सीट होती, ती उद्या येतेय. आक्का बराच वेळ दाराकडं बघत राहिली. दादा रडत होता, माफ कर म्हणत होता. तिनं त्याला हात लावू दिला नाही. मग दाजींना म्हणाली, "इसको बाहर बिठाओ."

"फिर कुछ नहीं बोली," दाजी म्हणाले. "तेरा नाम भी नहीं। कुछ नहीं।"

दादा सारा वेळ बाहेरच्या जिन्यात बसून होता. ती गेल्यावरच तो आत आला.

दाजींनी नळ पुन्हा सुरू केला आणि राहिलेले कप विसळले. मी विचारलं, तुम्ही लोकांसमोर बोलला का नाहीत? ते म्हणाले, मयताच्या घरात तुझ्या भावाला खोटं पाडून मला काय मिळणार होतं? मग म्हणाले, तुला मात्र माहीत असायला हवं, ती तुझीच वाट बघत होती.

परतताना मला त्याच विमानतळावर विमान बदलायचं होतं. सगळं वेळेवर झालं. गेट बदलला नाही, रांग नव्हती, आणि पुढच्या विमानात माझ्या शेजारची सीट मुंबईपर्यंत रिकामी होती.

नगरला पोचले तोवर दादानं चर्चमध्ये साक्ष दिलेली होती. आमच्याकडं रविवारच्या उपासनेत कुणीही उठून आपल्यावर झालेली देवाची कृपा सांगू शकतो, त्याला साक्ष म्हणतात. दादा बोलायला पहिल्यापासून चांगला. वाटेत विमान चुकलं, एकच सीट उरली, आणि देवानं ती आपल्याला दिली, कारण बहिणीशी समेट व्हायचा होता, असं त्यानं सांगितलं. लोकांना ते फार आवडलं. मग नाताळच्या आधी त्याला पुन्हा उभं केलं. मग शेजारच्या गावच्या चर्चच्या मंडळीनं बोलावलं. दर वेळी त्यात थोडी भर पडायची. आधी आक्कानं नुसता हात धरला होता, मग तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग दोघांनी मिळून स्तोत्र म्हटलं. नवे पाळक आले त्यांनी क्षमेवरच्या उपदेशात डॅनियल सरांचं उदाहरण घेतलं. बायका पदरानं डोळे पुसायच्या आणि बाहेर आल्यावर मला म्हणायच्या, केवढं भाग्य तुमच्या दादांचं.

मी काही बोलले नाही. लोकांना वाटत असेल, भावाची अब्रू राखली. तसं नव्हतं. मी तोंड उघडलं असतं तर आक्काचं ते शेवटचं वाक्य साऱ्या चर्चच्या तोंडी गेलं असतं. कुणी म्हणालं असतं, मरतानासुद्धा मन मोठं केलं नाही बाईनं. त्याच्या खोट्यात ती निदान चांगली दिसत होती. मी रविवारी मागच्या बाकावर बसायचे आणि दादा उठून उभा राहिला की चपला पायात सरकवून बाहेर येऊन थांबायचे. पुढं पुढं त्यालाही ते दिसायला लागलं असावं. तो व्यासपीठावरून माझ्या बाकाकडं बघायचा, मी उठेपर्यंत थांबायचा आणि मग बोलायला सुरुवात करायचा.

गेल्या वर्षी दादाला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण कळतं. वहिनींना एकटीला उचलायला जमत नाही, म्हणून मी दुपारी जाते. त्याला बसतं करते, तोंड पुसते, खिडकीशी खुर्ची नेते. तो रेडिओ ऐकतो.

मागच्या महिन्यात एकदा वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी चहा ठेवला होता. दादानं रेडिओ बंद केला आणि मला हाक मारली. मी दारात येऊन उभी राहिले. त्यानं शब्द जुळवायला बराच वेळ घेतला.

"पमे," तो म्हणाला, "आक्कानं मला माफ केलं ना?"

मी त्याच्याकडं पाहिलं. तो मला फसवत नव्हता. इतकी वर्षं सांगून सांगून त्याचं त्यालाच कळेनासं झालं होतं की त्या खोलीत खरं काय घडलं, आणि आता त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं होतं. ते सांगू शकणारी मी एकटीच उरले होते. दाजीही मागल्या साली गेले.

आत चहा उतू जात होता.

"मी तिथं नव्हते, दादा," मी म्हणाले, आणि गॅस बंद करायला आत गेले.